कोपऱ्यातला तो 'के' नक्की कुणाचा? पाकीटवाल्यांना एक खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र तिघांना आहे. एक म्हणजे बिस्किटं, चिप्स, सॉस, चॉकलेटं पाकिटात भरून विकणाऱ्या कंपन्या, दुसऱ्या त्यांना कोशेरचा, म्हणजे यहुदी धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसतं याचा, शिक्का देणाऱ्या संस्था, आणि तिसरे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा खात्यातले लेबलाचं बघणारे साहेब लोक. आधी तीन वेगळी पत्रं लिहिणार होते, मग वाटलं प्रत्येक जण म्हणेल हे आमच्याकडे येत नाही, शेजारच्या खिडकीवर जा, म्हणून तिघांना एकाच बाकावर बसवलंय.

मी माझगावला राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. आमच्यात पेणकर, किहीमकर, दिवेकर, रोहेकर अशी आडनावं असतात आणि घरात एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलियाहू पैगंबराच्या नावानं करतात तो, मलिदा होतो, त्यामुळे नव्या माणसाला आमचा पत्ताच लागत नाही, कुणी ख्रिश्चन समजतं, कुणी पारशी, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला ख्रिसमसची वर्गणी मागितली होती आणि मी देऊन पण टाकली. नोकरी एका बँकेत, ऑडिटला. दुसऱ्यांचे शिक्के, सह्या, तारखा तपासण्यात हयात गेली. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागेल.

झालं असं की माझ्या भावाची मुलगी इस्राएलातल्या अश्दोदहून आली. तिच्या लग्नानंतर मलिदा करायचं बोललेलं राहिलं होतं, ते फेडायला. तिचं सासर कडक आहे, म्हणजे कोशेरच्या बाबतीत आमच्यापेक्षा चार पायऱ्या वर. आल्या दिवशी दुपारी मी चहा टाकला, बिस्किटाचं पाकीट काढलं, आपलं नेहमीचं, दर महिन्याला वाण्याकडून येतं तेच. तिनं ते हातात घेतलं, उलटं केलं, पालटं केलं, फोनचा टॉर्च लावून कडेची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, आत्या, यावर हेक्शर कुठंय? हेक्शर म्हणजे कोशेर असल्याचा शिक्का. मी म्हटलं अगं इथं कुठला हेक्शर, हिरवा ठिपका आहे ना. तर म्हणते, पण हेच बिस्कीट आमच्याकडच्या इंडियन दुकानात मिळतं, हीच कंपनी, हाच रंग, आणि त्याच्यावर असतो.

पाकीट तिनं फोडलं नाही. चहा नुसता घेतला. मला काय वाटलं ते आता लिहीत नाही, पाहुण्याला नुसता चहा देणं आपल्याकडे कसं वाटतं ते तुम्हालाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा, मराठीसाठी काहीच दाबता येत नव्हतं ते सोडा. एक मुलगी आली, आवाजानं चांगली होती बिचारी. मी विचारलं हे कोशेर आहे का. "मॅम हमारा प्रॉडक्ट हंड्रेड परसेंट व्हेज है." मी म्हटलं ते दिसतंय मला, कोशेर सर्टिफिकेट आहे का, एक्सपोर्टच्या पाकिटावर आहे म्हणून विचारते. होल्डवर टाकलं, गाणं लागलं, परत आली, "मॅम कोशर का स्पेलिंग बताइए". मी सांगितलं. मग म्हणाली मेल करा. मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत. मी अभिप्राय दिलाच नव्हता हो, मी प्रश्न विचारला होता.

आता तुम्ही म्हणाल बाई एवढं काय, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, शाकाहारी म्हणजे तुम्हाला चालतंच. आमच्यातले निम्मे लोक याच हिशोबावर जगतात, मीपण जगते. बाहेर गेलं की आम्ही व्हेज. ऑफिसच्या पार्टीत, लग्नात, ट्रेनमध्ये सगळीकडे. तुमचा हिरवा ठिपका ही आमच्यासाठी छत्री आहे, ते मी नाकारत नाही, पण छत्रीला भोकं कुठे आहेत ते तरी माहीत पाहिजे की नको?

पूर्वी हे प्रश्न नव्हते कारण पाकिटंच नव्हती. आमच्या लोकांत एक गोष्ट घरोघर सांगतात. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, ग्रंथबिंथ सगळं समुद्रात गेलं, मग तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. पुढे केव्हातरी रहाबी नावाचे एक परदेशी यहुदी तिकडे आले आणि त्यांना शंका की हे लोक खरंच यहुदी का. तर त्यांनी बायकांसमोर सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले आणि म्हणाले रांधा. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला ढकलले. आमच्या धर्मात तेवढेच चालतात. पटलं त्यांना. ना कागद, ना सर्टिफिकेट. मासा आपलं लेबल अंगावर घेऊनच जन्माला येतो.

माझी आई भायखळ्याच्या बाजारात माशाला गेली की कोळणीला पहिलं वाक्य, आधी खवले काढू नको. रावस असो, जिताडा असो, खवला डोळ्यांनी बघायचा मग साफ करायला द्यायचा. ती कोळीण पण सरावलेली, "बघून घे गो बाय, हाय का नाय खवला" म्हणून नखानं एक उचकटून आईच्या तळव्यावर ठेवायची. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा यांच्याकडे आई ढुंकून बघायची नाही. आता मी सुपरमार्केटच्या फ्रीझरपाशी उभी राहते, आत पांढरे फटक तुकडे, कातडी नाही, खवले नाहीत, वर लिहिलंय 'फिश फिले'. कुठला फिश? पाठीमागे बारीक अक्षरात बासा. बासा हा शिंगाळ्याच्याच गोतावळ्यातला मासा, खवले नसलेला, म्हणजे आम्हाला वर्ज्य. पण ते माहीत असायला आधी मासा माहीत पाहिजे. आणि हॉटेलात तर मेन्यूवर नुसतं फिश फ्राय, विचारलं की वेटर म्हणतो "फिश है मॅडम, फ्रेश है".

कोंबडीचं तसंच. हझान, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे, ते कापून द्यायचे. मग घरी अर्धा तास पाण्यात, मग उतरत्या फळीवर ठेवून सगळ्या बाजूंनी खडे मीठ चोळून तासभर निथळत ठेवायचं म्हणजे रक्त उतरतं, मग तीन पाण्यांनी धुवायचं. ती फळी अजून आहे माझ्याकडे, मिठानं पांढरी पडलीय. हे का सांगतेय, तर मागे एका मॉलमध्ये काचेच्या सुबक बरणीत 'कोशेर सॉल्ट' बघितलं, किंमत बघून बरणी खाली ठेवली. तिथला मुलगा मला समजावतो, मॅडम ये ज्यू लोगों का पवित्र नमक है. अरे बाबा, पवित्र बिवित्र काही नाही, मांसाला लावायचं जाडं मीठ म्हणून ते नाव पडलं, आमच्या आईचं वाण्याकडचं खडे मीठ ते हेच काम करायचं आणि गोणीतून यायचं. नावात कोशेर आहे म्हणून डब्यावर शिक्का असेलच असं नाही, आणि शिक्का नाही म्हणून मीठ बिघडतं असंही नाही. पण त्या मुलाचं चुकलं काय, त्याला कोण सांगणार?

तर छत्रीची भोकं.

पहिलं भोक दुधाचं. हिरव्या ठिपक्याच्या दृष्टीनं दूध शाकाहारीच, बरोबर आहे. पण आमच्यात मटण आणि दूध एका ताटात नाही, एका भांड्यात नाही, मटण खाल्ल्यावर पुढचे काही तास दूध नाही. म्हणून आमच्या मटणात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं, नव्याच्या सणाचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचा, चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. (बटर चिकन हा पदार्थ आमच्या हझानांना सांगितला तेव्हा त्यांनी जो चेहरा केला तो मी विसरणार नाही.) आता शुक्रवारी रात्री मटणावर काय गोड द्यायचं म्हणून मी डार्क चॉकलेट आणलं. दूध नसतं त्यात असा माझा समज. भाचीनं वाचलं, खाली ठळक अक्षरात, दूध असू शकतं. असू शकतं म्हणजे काय हो? शेजारच्या मशीनवर मिल्क चॉकलेट बनतं म्हणून हवेतून भुकटी उडाली, का तीच टाकी, तोच पाइप, फक्त मधे पाणी मारलं? आमच्यासाठी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या घरात दुधाची ॲलर्जी असलेलं मूल आहे त्या आईसाठीसुद्धा, तिच्यासाठी तर जास्तच.

मुंबईत हा प्रश्न कुणाला नवा नाही खरं तर. चायनीजच्या गाडीवर शाकाहारी माणूस पहिलं काय विचारतो? तवा वेगळा आहे का, तेल तेच आहे का. आम्ही पण तेच विचारतोय, फक्त तुमचा तवा फॅक्टरीत आहे आणि आम्हाला दिसत नाही.

दुसरं भोक चीजचं. चीज विरजायला रेनेट लागतं, ते पूर्वी वासराच्या पोटातून यायचं, आता बरंचसं सूक्ष्मजीवांपासून बनतं म्हणून चीजला हिरवा ठिपका मिळतो, चांगलंच आहे. पण कडक पाळणाऱ्यांत चीज बनताना यहुदी देखरेख लागते, रेनेट कुठलंही असलं तरी. द्राक्षाचा रस आणि वाइन यांनाही तसंच, म्हणून तर आमच्याकडे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दूशला (पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) काळ्या मनुका भिजवून, कुस्करून घरीच शरबत करायची पद्धत पडली. तेव्हा हिरवा ठिपका आहे म्हणजे कोशेर आहे असं जे तुमच्या कस्टमर केअरच्या मुलीला शिकवलंय ते चूक आहे, ते तेवढं थांबवा.

तिसरं भोक दुसऱ्या बाजूचं. तपकिरी त्रिकोण. तो अंड्याच्या केकला पण तोच आणि डुकराच्या सॉसेजला पण तोच. आम्हाला अंडं चालतं, डुक्कर मरेपर्यंत चालत नाही, आमच्या मुसलमान शेजाऱ्यांनाही नाही. मार्शमेलोच्या पाकिटावर त्रिकोण आणि जिलेटिन, पण गाईचं का डुकराचं का माशाचं, बहुतेक पाकिटं गप्प. आणि ते नंबर! ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, चिप्स-नूडल्समध्ये चव वाढवायला घालतात, ते मांसापासून, माशापासून काढतात, आता टॅपिओकापासूनही करतात. पाकिटावर नुसता आकडा. दिल्ली हायकोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये हाच ६३१ चा दाखला देत सांगितलं की नुसता कोड पुरणार नाही, तो घटक झाडापासून आहे, प्राण्यापासून आहे का प्रयोगशाळेत बनलाय ते लिहा. ती ऑर्डर वाचली तेव्हा मला वाटलं झालं आपलं काम. अजूनही वाण्याच्या दुकानात आकडे वाचत उभी असते, मागची गिऱ्हाइकं खोकतात.

आता त्या 'के' कडे येते, ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं.

भाची असतानाच आम्ही लोअर परळच्या एका चकचकीत दुकानात गेलो. तिथं ओट्सचे बार होते, इथंच बनलेले, आणि कोपऱ्यात छोटा 'के'. मी खूश, बघ म्हटलं, आपल्याकडे पण आहे. ती म्हणाली, आत्या, हा कुणाचा के? आणि मग तिनं मला जे समजावलं ते तुमच्यातल्या किती मार्केटिंगवाल्यांना माहीत आहे कोण जाणे म्हणून इथं लिहिते. वर्तुळातला 'यू' हा ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, १९२३ साली हाइन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर तो आला तिथपासून चालत आलाय, दुसऱ्या कुणी लावला तर ते कोर्टात खेचू शकतात. स्टार-के, ओके, लंडनवाल्यांचा केएलबीडी, यांचंही तसंच, प्रत्येकाची आपली खूण आणि खुणेमागे जबाबदार माणसं. पण नुसतं एक साधं 'के' हे अक्षर कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. ते कुणीही छापू शकतं. त्याच्यामागे एखादा कडक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, असू शकतो, किंवा डिझाइन करणारा मुलगा असू शकतो ज्याला तिथं काहीतरी बरं दिसलं.

मग मी परत फोन केला (हो, मला दुसरी कामं नाहीत). या वेळी उत्तर आलं, चिकाटी धरल्यावर सर्टिफिकेटची पीडीएफ पण आली. आणि इथं माझं ऑडिट जागं झालं. तारीख बघितली, संपून चौदा महिने झालेले. पत्ता बघितला, फॅक्टरी एका राज्यातली, आणि बारच्या पाकिटावर छापलेला पत्ता दुसऱ्याच राज्यातला. यादी बघितली, त्यात ओट्स होते, बार नव्हता. म्हणजे एके काळी, दुसऱ्या एका कारखान्यात, त्यांच्या कच्च्या मालाला कुणीतरी शिक्का दिला होता आणि तो शिक्का फिरत फिरत माझ्या हातातल्या पाकिटावर येऊन बसला होता. बँकेत असं व्हाउचर समोर आलं असतं ना तर मी लाल पेननं गोल करून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन आपटलं असतं.

कोशेरचं सर्टिफिकेट हे माणसाला मिळालेल्या पदवीसारखं नसतं की एकदा मिळालं आणि भिंतीवर लावलं. ते त्या कारखान्याचं, त्या मालाचं, त्या मुदतीचं असतं, मधेमधे तपासणारा माणूस येतो, माशगियाह म्हणतात त्याला, तो गोदामात जाऊन घटकांच्या गोण्या बघतो, कुठलं मशीन आधी कशाला वापरलं ते विचारतो. पुरवठादार बदलला, ग्लिसरीन दुसरीकडून आलं, की परत कळवावं लागतं. हे सगळं एक्सपोर्टसाठी तुम्ही नीट करता, मला माहीत आहे. मसाले, चहा, काजू, लोणची, गवार गम, आपल्या देशातून किती माल कोशेर होऊन बाहेर जातो. म्हणजे येत नाही असं नाही. इथल्यासाठी करावंसं वाटत नाही, एवढंच.

आणि त्याउलट पण बघा. बाहेरून येणाऱ्या मालावर मूळचा शिक्का असतो आणि इंपोर्टर आपला पांढरा स्टिकर नेमका त्याच्यावर मारतो. एका सॉसच्या बाटलीवरचा स्टिकर मी घरी आणून नखानं खरवडला, कोपरा सुटला, खाली वर्तुळातला यू आणि बाजूला डी. डी म्हणजे दूध आहे किंवा दुधाच्या मशीनवर झालंय. स्टिकर चिकटवताना बोटभर खाली चिकटवला असता तर काय बिघडलं असतं? जाता जाता, पी म्हणजे पेसाहच्या सणाला चालणारं, पारेव्ह (ना दुधाचं ना मांसाचं) नव्हे, या एका अक्षरावरून आमच्या घरात केवढं भांडण झालं होतं ते वेगळं लिहीन कधीतरी.

मला माहीत आहे पुढचा प्रश्न काय. तुम्ही लोक किती आहात? अख्ख्या देशात पाच हजारसुद्धा नाही, त्यातले बरेच मुंबई-ठाण्यात. माझ्या लहानपणी एली कदुरी शाळेत माझ्या वर्गात जेवढ्या आमच्या मुली होत्या त्यातल्या बहुतेक सगळ्या आज इस्राएलात आहेत. पाच हजार लोकांसाठी कोण पाकीट बदलणार. बरोबर. मी पण धंद्याच्या बाजूनं हेच म्हटलं असतं. पण मी तुम्हाला पाकीट बदला म्हणत नाहीच आहे. जो माल तुम्ही आधीच कोशेर करून घेतलाय, ज्याचे पैसे भरून झालेत, त्याचा शिक्का इथल्या पाकिटावर पण छापा, चिमूटभर शाई जाईल. आणि इथला माल वेगळ्या कारखान्यातला असेल, वेगळ्या घटकांचा असेल, तर तसं स्पष्ट सांगा, की बाई एक्सपोर्टचा वेगळा, तुमचा वेगळा. वाईट वाटेल, पण कळेल तरी. शिवाय अमेरिकेत तो शिक्का बघून घेणारे सगळे काही यहुदी नसतात, दूध न चालणारे घेतात, शाकाहारी घेतात, मुसलमान घेतात.

शिक्का देणाऱ्या संस्थांना एकच सांगायचंय. तुमच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून शोधता येतं, चांगली सोय आहे, पण तिथं कंपनीचं एक्सपोर्टचं नाव असतं आणि इथं ब्रँड दुसराच. माल 'बल्क' मध्ये सर्टिफाइड आहे का किरकोळ पाकिटातला पण, हे माझ्यासारखीला कळत नाही, माझ्या भाचीला अर्धंच कळलं. इथल्या पाकिटावर जर तुमचा शिक्का असेल तर इथल्या नावानं यादी ठेवा. आणि नसताना कुणी 'कोशेर सर्टिफाइड' म्हणून मिरवत असेल तर ते कळवायला एक पत्ता द्या, जिथं माणूस उत्तर देतो.

आता साहेब, तुमच्याकडे. तुम्ही कोशेर म्हणजे काय ते ठरवावं असं मी अजिबात म्हणत नाही, उलट कृपा करून ठरवू नका. न्यूयॉर्कनं ते करून बघितलंय. १९१५ पासून त्यांच्याकडे कोशेरच्या फसवणुकीविरुद्ध कायदा होता, त्यात कोशेर म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीनं असं लिहिलेलं, २००२ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टानं तो उडवला, की सरकारनं एका पंथाची बाजू घ्यायची नाही. मग २००४ मध्ये त्यांनी शहाणपणा केला. नवा कायदा काय म्हणतो, की कोशेर म्हणून विकताय ना, विका, फक्त कुणी सर्टिफाय केलंय ते सांगा. खरं-खोटं गिऱ्हाईक आपल्या हझानला विचारून बघेल.

मला एवढंच पाहिजे. पाकिटावर कोशेर लिहायचं असेल किंवा तसली खूण लावायची असेल तर शेजारी संस्थेचं पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटचा नंबर. नाव नसेल तर खूण नको. आमच्यापुरतंच करा असंही नाही, हलाल, जैन, सात्त्विक, उपवासाचं, ज्याला ज्याला लागतं त्या सगळ्यांना हाच नियम लावा. आमच्या नाक्यावर जैन पावभाजी लिहिलेल्या गाडीवर कांदा कापताना मी स्वतः बघितलाय. तुमच्याकडे हत्यारं आहेत, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम ५२ खाली चुकीचं लेबल लावलं तर ३ लाखांपर्यंत दंड आहे, कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. कुणाचा नसलेला 'के' हे चुकीचं लेबल नाही तर काय आहे?

आणि कुणी म्हणेल की घटक तपासता येतात, बनवायची पद्धत कशी तपासणार, तर चांदीच्या वर्खाचं आठवा. पूर्वी वर्ख कुटायला जनावराच्या आतड्याची पानं वापरायचे, वर्खात मांस नव्हतं, पद्धतीत होतं. शाकाहारी लोक, जैन लोक मागे लागले आणि २०१६ मध्ये तुम्ही नियम केलात की वर्ख बनवताना प्राण्यापासूनचं काही वापरायचं नाही. म्हणजे तव्याचा प्रश्न तुम्हाला कळतो. आम्ही संख्येनं कमी आहोत म्हणून जरा मोठ्यानं विचारतोय इतकंच.

मलिदा छान झाला. पोहे, नारळ, गूळ, वेलची, वर फळं, सगळं बाजारातून सुटं आणलेलं, एकाही गोष्टीला लेबल नव्हतं आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही. भाची परत गेली. जाताना तिच्या बॅगेत माझा चिकाचा हलवा होता, आणि माझ्या फ्रीजवर तिनं यादी चिकटवून ठेवलीय, हा शिक्का चालतो, तो चालतो, नुसता के दिसला तर फोन कर.

बिस्किटाचं ते पाकीट मी वाण्याला परत केलं नाही. डब्यात तसंच आहे, न फोडलेलं. त्याच्यावर मुदत मार्चअखेरची आहे. तुमच्या मेलला मी परत उत्तर दिलंय, त्यात पाकिटाचा बॅच नंबर पण टाकलाय, पुढचं उत्तर मुदतीच्या आत आलं तर मी ते स्वतः फोडून चहाबरोबर खाईन आणि फोटो पाठवीन.

तुमची एक गिऱ्हाईक,
माझगाव, मुंबई